आउलिसच्या हातची तबकडी

मी तबकडी बोलतेय. गाण्याची नव्हे, फेकायची. माझ्यावर सुई टेकवून कुणाला सूर ऐकू येणार नाहीत. मला हातात धरायचं, मनगटाला झटका द्यायचा आणि सोडून द्यायचं. पुढचं सगळं वारा बघतो, नाव मात्र माझं होतं.

माझा जन्म कारखान्यातला. प्लास्टिक तापवलं, साच्यात दाबलं, गार केलं, की झाले मी. रंग नारिंगी, कड जाड, अंग मऊ. आमच्यात पातळ कडेच्या बहिणी असतात, त्या सुसाट जातात आणि शंभर पावलांवरच्या झाडात घुसतात. मी सावकाश उडणाऱ्यांपैकी. नवख्या माणसाच्या हातातही बरी वागते, म्हणून मला दुकानात शिकाऊंसाठीच्या रॅकवर ठेवलं होतं, मासे पकडायचे गळ आणि लोकरी मोजे यांच्या मधोमध.

तिथून मला विएनोनं उचललं. विएनो म्हणजे लेपारांता गावच्या इस्पितळात चादरी धुण्याच्या विभागात तीस वर्षं काम करून निवृत्त झालेली बाई. बुटकी, झपझप चालणारी. गावाच्या मानानं बडबडी, म्हणजे दिवसाला शंभरेक वाक्यं बोलणारी. तिच्या थोरल्या भावाचा सत्तरावा वाढदिवस होता, आणि डॉक्टरांनी त्याला रोज चालायला सांगितलं होतं.

भावाचं नाव आउलिस. अडतीस वर्षं त्यानं लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक बर्फातून चालवला होता. गाडी एकदाही चरात गेली नाही, हे तो दर कॉफीला एकदा सांगायचा. त्यानं मला उलटंपालटं करून पाहिलं.

"ही कशासाठी?"

"फेकायला," विएनो म्हणाली.

"आणि आणायला कोण जाणार?"

"तूच."

"म्हणजे कुत्रापण मीच."

पण पुढच्या मंगळवारी तो आला. तळ्यावरच्या पोहायच्या किनाऱ्यामागं गावची बाग आहे, बर्चची आणि पाइनची झाडं, मधून पायवाट. तिथं लोखंडी खांबांवर नऊ टोपल्या उभ्या आहेत. प्रत्येक टोपलीवर साखळ्यांची झालर. ठरलेल्या जागेवरून तबकडी फेकायची, पडेल तिथून परत फेकायची, टोपलीत पडली की पुढच्या टोपलीकडे. बस, एवढाच खेळ. जवळची टोपली पस्तीस पावलांवर, लांबची साठ. स्कीच्या टेकडीवर मोठं मैदान आहे. तिथले खेळाडू आमच्या मैदानाला पाळणाघर म्हणतात. म्हणोत बापडे.

पहिल्या दिवशी आउलिसनं मला तीनदा तळ्यात घातलं. चौथ्या टोपलीशी मात्र मी साखळ्यांवर आदळले आणि छनछन करत आत बसले. तो आवाज एकदा अंगातून गेला, की विसरता येत नाही. आउलिस टोपलीजवळ आला, मला बाहेर काढलं, आणि मागं जाऊन त्याच जागेवरून परत फेकलं.

"एकदा गेली की पुढं जायचं असतं," विएनो म्हणाली.

"मला बघायचंय, चुकून गेली का काय ते."

असे आम्ही तिघं मंगळवार-गुरुवारचे झालो. आउलिस निळी गाडी घेऊन विएनोच्या दारात यायचा. पाचव्या टोपलीनंतर बाकावर थर्मासमधली कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव. माणसं खेळताना किती कमी बोलतात आणि तरी किती बोलतात, हे मी त्या बाकावर शिकले. विएनो सगळ्या फेकी मनात मोजायची आणि विचारल्याशिवाय सांगायची नाही. आउलिस कधी विचारायचा नाही. पण तो पुढं असला की त्याला न विचारताच कळायचं, आणि मग तो पावाचा मोठा तुकडा बहिणीला द्यायचा.

दोन उन्हाळे असे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात मला काहीतरी वेगळं जाणवू लागलं.

आधी तो टोपलीकडे सरळ बघायचा आणि मग मला सोडायचा. आता तो मान किंचित उजवीकडे वळवायचा, जणू शेजारच्या बर्चशी त्याचं बोलणं चाललंय. विएनोला वाटलं, ऐट करतोय. मग तो म्हणायला लागला, "तू आधी फेक." तिची तबकडी कुठं वाजते ते तो कान देऊन ऐकायचा आणि त्या आवाजाच्या रोखानं मला फेकायचा. गवतात पडले तर मला शोधायचा पायानं. बुटाचा पुढचा भाग हळूहळू फिरवत यायचा, आणि मी लागले की म्हणायचा, "ही बघ, इथं आहे," जणू लांबूनच दिसले होते.

मी नेमकी जाईनाशी झाले, तेव्हा खापर माझ्यावर फोडलं. "ही डावीकडे ओढते," तो म्हणाला. मी डावीकडे ओढत नव्हते. त्याच्या नजरेच्या मधोमध एक करडा डाग बसला होता, आणि तो रोज थोडा पसरत होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. हे त्याला ठाऊक होतं. अडतीस वर्षं ज्यानं रस्त्यावरून नजर हलवली नाही, त्यानं ते कुणाला सांगायचं?

ऑगस्ट संपत आला होता. गुरुवार होता. सातव्या टोपलीशी विएनो वाकून बुटाची नाडी बांधत होती. गावच्या खऱ्या पाळणाघरातली मुलं पिवळी जाकिटं घालून पायवाटेनं चालली होती. त्यांतली एक पायवाट सोडून आत आली. पाइनचं बोंड उचलायला आली असावी. ती बरोबर आमच्या आणि टोपलीच्या मधोमध वाकली.

आउलिसनं मला सोडलं.

मला ती दिसत होती. पाच वर्षांची, दोन वेण्या, हातात बोंड. मी वळू शकत नाही. हातातून सुटल्यावर माझ्या हातात काही नसतं. ती उभी राहिली आणि मी तिच्या भुवईवर लागले.

ती आधी रडलीच नाही. मग रक्त डोळ्यात उतरलं, तेव्हा रडली. तिची शिक्षिका, सातू, धावत आली. तिनं रुमाल दाबून धरला आणि आउलिसकडे वर पाहिलं.

"तुम्हाला ही दिसली नाही?"

"ऊन आलं डोळ्यांवर," आउलिस म्हणाला.

सातूनं मुलीला, म्हणजे पिहलाला, कडेवर घेतलं आणि बाकीच्यांना रांगेत लावून निघाली. पुढं कळलं की दोन टाके पडले.

विएनोनं मला गवतातून उचललं. माझ्या कडेला लागलेलं रक्त तिनं पुसलं. दोघं गाडीपर्यंत आली. आउलिस आत बसला. ती उघडं दार धरून बाहेरच उभी राहिली.

"आभाळ भरलंय, आउलिस."

"मग?"

"ऊन कुठून आलं?"

तिनं हात वर केला. "किती बोटं?"

"ही काय शाळा आहे?"

"किती?"

त्यानं मान वळवली. "तीन."

"सरळ माझ्याकडे बघून सांग."

त्यानं सरळ पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग किल्लीशी चाळा करू लागला.

"कधीपासून?" विएनोनं विचारलं.

"हिवाळ्यापासून."

"म्हणजे हा सगळा उन्हाळा मी तुझ्या शेजारी बसून येतेय."

"रस्ता मला पाठ आहे."

"मुलं पाठ नसतात," विएनो म्हणाली. तिनं मला मागच्या सीटवर ठेवलं आणि दार बाहेरूनच लावलं. "उद्या तू आरोग्य केंद्रात नर्सला फोन कर. तू नाही केलास तर मी करणार."

"तू नाही करणार."

ती चालू लागली. तिचं घर सहा किलोमीटरवर. आउलिसनं गाडी तिच्या बरोबरीनं हळूहळू चालवत आणली आणि काच खाली केली.

"बस आत. पाय दुखतील."

"तू माझ्या अंगालगत गाडी चालवतोयस, त्यानं जास्त भीती वाटतेय."

मग तो थांबला. ती वळणावर दिसेनाशी झाली, आणि तो वीसच्या वेगानं घरी आला. अंगणात गाडी बंद करून तो बराच वेळ आत बसून राहिला. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मी मागं होते, पण त्याचे खांदे मला दिसत होते.

त्यानं फोन केला नाही. विएनोनं केला.

तपासण्या झाल्या, आणि सप्टेंबरात त्याचं लायसन्स गेलं. ऑक्टोबरात गाडी गेली. विकत घेणारा किल्ली मागत होता, तेव्हा आउलिसनं मागच्या सीटवरून मला काढलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत नेऊन टाकलं. मग एके दिवशी त्यानं माझ्यात कांदे ठेवले.

माझा हिवाळा असा कांद्यांखाली गेला. उडायला जन्मलेल्या जिवाला टोपली होऊन बसावं लागलं. पण मी कशाला तक्रार करू? खिडकीतून मला दार दिसायचं. दर दुसऱ्या शनिवारी विएनो बर्फ तुडवत यायची, दारावर वाजवायची. आत आउलिस टेबलाशी बसलेला असायचा, कप धरून, हलायचा नाही. ती थोडा वेळ थांबायची आणि राय धान्याचा काळा पाव कडीला अडकवून जायची. ती गेल्यावर तो पाव आत घ्यायचा.

फोन वाजायचा. तो वाजू द्यायचा. एकदा मात्र फोन थांबल्यावर तो म्हणाला, "तू नाही करणार असं मी म्हणालो होतो." कुणाला म्हणाला, कोण जाणे. घरात मी आणि कांदेच होतो.

मे महिन्यात तळ्यावरचा बर्फ फुटला. एका बुधवारी त्यानं कांदे टेबलावर ओतले, बाहीनं मला पुसलं आणि जाकिटाच्या आत घातलं. चार किलोमीटर रस्त्याच्या कडेनं तो चालत गेला. ट्रक आला की थांबायचा, गेला की निघायचा. ट्रकमध्ये किती लाकूड आहे ते तो अजून आवाजावरून ओळखत होता.

बुधवारीही पाळणाघरातली मुलं बागेत येतात. पिवळी जाकिटं त्याला नजरेच्या कडेनं पकडता यायची. तो पायवाटेवर उभा राहिला आणि सातू जवळ येईपर्यंत थांबला.

"त्या दिवशी ऊन नव्हतं," तो म्हणाला.

सातूनं त्याला ओळखलं. "नव्हतंच."

"मला समोरचा खांबही दिसत नव्हता. अंदाजानं फेकली."

"मग फेकलीत कशाला?" सातूचा आवाज चढला नाही, पण मऊही नव्हता.

"नाही फेकली असती तर का नाही फेकली ते बहिणीला सांगावं लागलं असतं."

"मला हे पिहलाच्या आईला सांगावं लागेल."

"सांगा. माझा नंबर घ्या. त्यांना काय बोलायचं असेल ते त्यांनी मला बोलावं."

तिनं नंबर घेतला. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. माझ्या मते त्यालाही तसं काही ऐकायचं नव्हतं. तो आला होता तेवढ्यासाठी, तेवढं झालं होतं.

"आता पुढं कुणी आहे का?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही. आम्हीही निघालो."

मुलांचे आवाज पार लांब जाईपर्यंत तो थांबला. मग जाकिटातून मला काढलं. जवळजवळ नऊ महिन्यांनी मी पुन्हा हवेत गेले. हात तोच होता, झटका तोच होता, पण दिशा कुणी सांगितली नव्हती. मी वाहवत गेले आणि बेरीच्या झुडपात पडले.

तो शोधायला आला. बूट फिरवत, वाकून, हातांनी चाचपत. दोनदा माझ्यापासून एका वितीवरून गेला. मी नारिंगी आहे, पण नारिंगी असून काय उपयोग? ओरडायला मला तोंड नाही. शेवटी त्यानं पाठ सरळ केली आणि म्हणाला, "राहू दे." असं म्हणून तो गेला.

कांद्यांखाली वाटलं नव्हतं एवढं वाईट मला तेव्हा वाटलं. तेरा दिवस मी तिथं होते. पाऊस माझ्यात साचला, मुंग्यांनी माझ्या कडेला फेरा घातला, एका गोगलगायीनं मुक्काम केला. मला वाटलं, आपलं एवढंच होतं.

मग एक हात आला. छोटा. माझ्यातलं पाणी त्यानं ओतून दिलं. मी पाहिलं तर भुवईवर बारीक गुलाबी रेघ होती. मला पळता येत असतं, तर मी पळाले असते.

पिहलानं मला वळवून पाहिलं. "सातू, ही तीच आहे," ती म्हणाली. मग गोगलगायीला झुडपावर ठेवलं आणि मला सातूकडे नेऊन दिलं.

माझ्या पोटावर आउलिसचं नाव लिहिलेलं होतं. सातूला त्याला फोन करता आला असता. पण समोर चौथ्या टोपलीशी विएनो एकटीच खेळत होती, गेल्या ऑगस्टपासून एकटीच खेळत होती. सातू तिच्याकडे गेली.

"तुमचा भाऊ आला होता. मागच्याच्या मागच्या आठवड्यात. स्वतःहून."

"कशाला?"

"खरं सांगायला."

विएनोनं मला घेतलं, पँटवर घासून पुसलं. तिचा खेळ अर्धाच झाला होता. तसाच सोडून ती निघाली.

त्या दिवशी तिनं दारावर वाजवलं, तेव्हा आतून पावलं आली. दार उघडलं. आउलिस मान वळवून उभा.

"कॉफी आहे का?" विएनोनं विचारलं.

"आहे. सकाळची."

"चालेल."

ती आत आली आणि मला टेबलावर ठेवलं. त्यानं हात फिरवला, माझ्या कडेवरची एक खाच अंगठ्यानं चाचपली, आणि खुर्चीवर बसला. कॉफी ओतताना त्यानं कपाच्या काठावर बोट धरलं होतं. तिनं ते पाहिलं, पण किटली हातातून घेतली नाही.

"नर्सला तू सांगितलंस," तो म्हणाला.

"तुला सांगून सांगितलं."

"हो. म्हणूनच जास्त राग आला. पाठीमागून केलं असतंस तर शिव्या तरी देता आल्या असत्या."

"सात महिने दार उघडलं नाहीस. पाव मात्र खाल्लास."

"पाव चांगला होता."

विएनोनं कपाकडे पाहिलं. "मी त्या दिवशी चालत गेले ना, तेव्हा पूर्ण रस्ता रडत होते. पायामुळं नव्हे."

आत्ताही तिचं रडणं आउलिसला दिसलं नसतं, पण ऐकू आलं. तो म्हणाला, "मी तेव्हा गाडीत बसलो होतो. मलापण घरात जाववेना." एवढं बोलून त्यानं तिच्याकडे साखर सरकवली.

त्या गुरुवारी ती दोघं बसनं बागेत आली. पहिल्या टोपलीसमोर त्यानं मला हातात धरलं आणि तसाच उभा राहिला.

"कुठं फेकू? मला तिथं काहीच दिसत नाही."

विएनो टोपलीकडे गेली. साखळ्या दोन्ही हातांत धरून तिनं जोरात हलवल्या. छन्, छन्, छन्.

"इथं," ती म्हणाली. "वाटेत कुणी नाही. मी बघितलंय."

"तू बाजूला हो. तुला लागेल."

"हिवाळाभर मला मारावंसं वाटत होतं ना? आता संधी आहे."

तो हसला. मी पहिल्या फेकीत तिच्या पायाशी पडले, दुसऱ्या फेकीत तिच्या डोक्यावरून गेले. मग तो दहा पावलांवर आला. तिनं साखळ्या हलवल्या आणि ती झटकन मागं झाली. त्यानं मान सरळ ठेवली, डोळे मिटले आणि मला सोडलं.

मी साखळ्यांना लागले. जोरात लागले, सगळा आवाज झाला. पण मधल्या दांड्यावर आपटून मी उलट उडाले आणि खाली गवतात पडले.

"गेली?" आउलिसनं विचारलं. त्याचा चेहरा मी तीन उन्हाळ्यांत तसा पाहिला नव्हता.

विएनो वाकली. तिनं मला उचललं आणि टोपलीच्या वर धरलं. बोटं सोडायची तेवढी बाकी होती. त्याला कधी कळलं नसतं. मलासुद्धा वाटलं, सोड, अगं, सोड. एवढ्यानं कुणाचं काय जाणार आहे?

"नाही," विएनो म्हणाली. "साखळीला लागून बाहेर पडली."

त्यानं हात पुढं केला. "दे इकडे."

त्या दिवशी मी टोपलीत गेले का, हे सांगत बसत नाही. त्यानंतर अनेकदा गेले, अनेकदा नाही. प्रत्येक वेळी तो विचारतो आणि प्रत्येक वेळी ती आहे ते सांगते. "गेली" असं ती म्हणते तेव्हा तो दुसऱ्यांदा विचारत नाही.

आता माझी कड खरखरीत झालीय, नारिंगी रंग विटलाय. माझ्या पातळ बहिणी म्हणतील, काय हे आयुष्य, दहा पावलांचं. मला पुरतं ते. तुमच्यापैकी कुणी कधी अशा बागेत आमच्यापैकी एखादीला हातात घेतलंत, तर एवढंच करा. सोडण्याआधी पुढं कोण आहे ते बघा. दिसत नसेल, तर शेजारच्याला विचारा. कारण मी कुठं चाललेय हे मला दिसतं, पण थांबता येत नाही.

विएनो टोपलीशी जाऊन उभी राहिलीय. साखळ्या वाजतायत. आउलिसचा अंगठा माझ्या कडेवर आलाय, आणि तो विचारतोय, "वाटेत कुणी नाही ना?"

"कुणी नाही," ती म्हणतेय. "ये."

निघते मी.